बीडचा मासा बाटलीत कसा घालावा

समुद्र लांब आहे म्हणून बीडकरांनी मत्स्यसंग्रहाचा नाद सोडू नये. संग्रहालयाला समुद्र लागत नाही, पत्ता लागतो.

आधी मासा मिळवा. सोपा मार्ग बाजाराचा, म्हणूनच तो टाळा. "मावशी, कुठला?" विचारलं की "माजलगावचाच हाय दादा, आत्ता आलाय," असं उत्तर मिळेल आणि बर्फाच्या खोक्यावर तेलुगू अक्षरं दिसतील. त्यापेक्षा पहाटे भोयांबरोबर सिंदफणेवर जा. जाळं निघालं की तिथंच वहीत लिहा: नदी, गाव, तालुका, तारीख, जाळ्याचा आस. 'घरी गेल्यावर लिहू' म्हणणाऱ्यांची वही मी पाहिली आहे. ती कोरी असते. (ती माझीच होती.)

रंगही लगेच टिपा. फॉर्मॅलिनमध्ये मरळ काय नि शिंगटा काय, शेवटी सगळे जुन्या सरकारी फायलीच्या रंगाचे होतात. एक भाग फॉर्मॅलिन, नऊ भाग पाणी. डीएनए तपासायचा असेल तर मांसाचा तुकडा त्याआधीच काढून शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवा. मोठ्या माशाच्या पोटाला उजवीकडून चीर द्या. डावी बाजू फोटोसाठी राखीव असते. काही दिवसांनी मासा पाण्यात धुऊन 70 टक्के अल्कोहोलमध्ये हलवा आणि बाटली पाहुण्यांच्या नजरेआड ठेवा.

चिठ्ठी बाटलीच्या आत, पेन्सिलीने लिहिलेली. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि मग उरतं ते महागडं लोणचं.

नावाला घाबरू नका. कर्नल साइक्सने 1839 मध्ये दख्खनच्या माशांना शास्त्रीय नावं दिली, तेव्हा कित्येक नावं त्याने भोयांच्याच तोंडून उचलली. चाकणजवळ इंद्रायणीत मिळालेला, नाकावर खाच असलेला मासा लॅटिनमध्येही 'नुक्टा'च राहिला, म्हणजे आपला नकटा. साइक्सने पाहिलेल्या त्या नकट्याची बाटली मात्र आज कुठं असल्याचं माहीत नाही. नाकाची शहानिशा करायची तर दुसरा नकटा शोधावा लागतो.

आता खरी परीक्षा, अक्षांश-रेखांश. बीड म्हणजे सुमारे 19 उत्तर, 75.76 पूर्व. आकड्यांची अदलाबदल झाली की तुमची मरळ थेट नॉर्वेच्या उत्तरेला, बॅरेंट्स समुद्राच्या थंडीत कुडकुडते. पूर्वेऐवजी पश्चिम लिहिलंत तर जमैकाजवळ पोचते. आणि दोन्ही आकड्यांआधी उणे चिन्ह पडलं, तर बिंदुसरेतली चिलापी चिलीसमोरच्या पॅसिफिक महासागरात! चिलापी मुळात आफ्रिकेची, 1952 मध्ये भारतात आली. तिला परदेशवारीची सवय आहे. पण शंभर वर्षांनी कुणी संशोधक तुमची नोंद वाचून चिलीत जहाज भाड्याने घेईल. त्याला बीडची एसटी पुरली असती.