संत जोसेफांचं शीर्षासन

राइट टाउनातला तो बंगला तुम्ही पाहिलाय. म्हणजे तोच नाही, पण तसलाच एखादा: पुढे आंबा, मागे भाडेकरू आणि कागदावर पाच भाऊ. विकायला काढून चार वर्षं झाली. दलाल येतात, चहा पितात, जातात. शेवटी न्यू जर्सीच्या धाकट्यानं उपाय पाठवला: संत जोसेफांची चार इंची प्लास्टिकची मूर्ती, सोबत सूचनांचा कागद. अंगणात पुरा. उलटी! रजिस्ट्री झाली की उकरून नव्या घरात मानानं बसवा. तिकडे याचे तयार संच मिळतात, फ्लॅटवाले कुंडीत पुरतात.

दोन नंबर म्हणाला, प्लास्टिकला कसला गुण, भेडाघाटहून संगमरवरी करून आणू. थोरल्यानं वास्तुवाल्याला फोन लावला: डोकं कुठल्या दिशेला? वास्तुवाला गडबडला. निजणाऱ्याचं डोकं दक्षिणेला हे त्याला पाठ; पाताळाकडे डोकं केलेल्याची सोय त्याच्या शास्त्रात नव्हती. मग जागेचा प्रश्न. अंगणभर पेव्हर ब्लॉक, आंब्याच्या बुंध्यालाही सिमेंटचा फास. संताला पुरायला वीतभर माती मिळेना, तेव्हा दोन ब्लॉक उचकटले.

देव पाण्यात आपणही ठेवतो, नाही असं नाही. पण उलटं कशाला? तर म्हणे, अवघडला की सुटकेसाठी गिऱ्हाईक लवकर आणतो. ही भक्ती की ओलीस धरणं? अहो, अख्ख्या बायबलात या माणसाच्या तोंडी एक शब्द नाही. सुतारकी केली, रातोरात बायको-पोराला घेऊन इजिप्त गाठलं, हूं की चूं नाही. १८७० साली पोप नववे पायस यांनी त्याला साऱ्या चर्चचा पालक ठरवलं, १९ मार्चला त्याचा सण असतो, आणि तुम्ही त्याला ब्लॉकखाली डोक्यावर उभा करून चौरस फुटाचा भाव विचारता? घर अडलंय ते पाच जणांच्या पाच किमतींपायी. तीन नंबर सही करत नाही, कारण आईच्या पाटल्या कुणी नेल्या ते अजून ठरलेलं नाही. पुरायचंच तर त्या पाटल्यांचं भांडण पुरा की! अखंड बोलणारे पाचही जण खुर्चीत, आणि कधीच न बोललेला खड्ड्यात.

परवा ब्लॉक उचलून पाहिले, तर खड्डा रिकामा. मूर्ती मागच्या भाडेकरूच्या खिडकीत निघाली, सरळ उभी. दोनशे रुपये भाड्यात तो चाळीस वर्षं राहतोय. रोज उदबत्ती लावतो. मला हळूच म्हणाला, “पावतो हो. कालचंही गिऱ्हाईक परत गेलं.”