हरिभाऊंची नकोशी माणसं

अमुक लेखकाचं सगळंच आपल्याला आवडतं असं कुणी म्हणालं, की समजावं, याने त्याचं सगळं वाचलेलं नाही. हरि नारायण आपटे हे माझे सर्वांत लाडके कादंबरीकार. त्यामुळे त्यांच्याविरुद्धची माझी गाऱ्हाणीही सर्वांत जास्त आहेत. परक्याशी कोण भांडत बसतो?

पहिलं गाऱ्हाणं गावाशी बेइमानी करणारं आहे. मी विंझरचा. नसरापूरहून वेल्ह्याला जाताना वाटेत लागतं ते विंझर. एका अंगाला राजगड, पुढे तोरणा, आणि पाबे घाट ओलांडून गेलं की सिंहगडाचा मुलूख. तालुक्याचं नावसुद्धा आता राजगड झालंय. असल्या ठिकाणच्या वाचकाला हरिभाऊंच्या ऐतिहासिक कादंबऱ्या आवडल्याच पाहिजेत, असं पुण्याच्या पाहुण्यांचं ठाम मत असतं. ‘उषःकाल’ तर तुमच्याच मातीतला, असं ते म्हणतात आणि चहाचा घोट घेत खिडकीतून डोंगराकडे आदराने पाहतात. पावसाळ्यात डोंगर ढगात असतो, तरी पाहतात.

‘उषःकाल’ म्हणजे स्वराज्याची पहाट. आमच्याकडे ती पहाट तोरण्यावर झाली असं शेंबडं पोरही सांगेल. तोरण्यावर सापडलेलं धन मुरुंबदेवाच्या डोंगरावर खर्ची पडलं आणि त्याचा राजगड झाला, ही कथा इथे पाळण्यापासून ऐकवतात. आणि हरिभाऊंनी काय करावं? गोष्ट गुंफायला सुलतानगड नावाचा एक गड घेतला. सबंध कानद खोरं पालथं घाला, गुंजण मावळ चाळा, सुलतानगड सापडायचा नाही. समोर खराखुरा तोरणा उभा असताना माणसाने मनातला गड का बांधावा? लेखक म्हणून तो त्यांचा हक्कच, हे मला कळतं. पण झुंजारराव मरळांच्या वतनातल्या माणसाला कळणं वेगळं आणि पटणं वेगळं.

‘उषःकाला’तला रंगराव अप्पा मात्र मला आवडतो. विजापूरच्या मिठाला जागणारा बाप आणि शिवाजीकडे ओढ घेणारा मुलगा, या दोघांच्या भांडणात कादंबरीचा जीव आहे. नकोसा आहे तो स्वतः निवेदक. तो घडीघडीला येतो, वाचकाचा हात धरतो, आता आपण अमक्याला इथेच सोडून तमक्याकडे जाऊ म्हणतो, आणि नेमका तमक्याकडे जाण्यात आपल्याला काडीचा रस नसतो. ‘करमणूक’ साप्ताहिक 1890 साली निघालं. त्यातून या कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने छापल्या जायच्या. मागचा अंक ज्याने वाचलेला नाही त्यालाही सांभाळून घ्यायचं, म्हणून हा हात धरणं आलं. आठवड्याची वाट पाहणाऱ्याला ते गोड वाटत असेल. सलग वाचणाऱ्याचा हात मात्र दुखतो.

‘गड आला पण सिंह गेला’ची तऱ्हा आणखी निराळी. फेब्रुवारी 1670 मधली कोंढाण्याची झुंज वाचायची म्हणून पुस्तक उघडावं, तर आधी कमलकुमारी नावाची रजपूत स्त्री सती जायला निघालेली, आणि तिच्या पाठी लागलेला उदयभानू. उदयभानू इतिहासातला किल्लेदार; कमलकुमारीचं हे प्रकरण मात्र हरिभाऊंच्या कल्पनेतलं. गड चढायला मावळे कमी पडत नव्हते, मग रजपुतान्याहून हा जामानिमा कशाला? उदयभानू गडाचा किल्लेदार आहे, एवढं त्याला मारायला पुरे नव्हतं का? हरिभाऊंना ते पुरेसं वाटलं नाही; त्यांना तो बायकांच्या बाबतीतही दुष्ट हवा होता. माझ्या दृष्टीने इथेच तानाजीचं मोल उगाच घटतं.

आणि ‘वज्राघात’. जाणती माणसं ही त्यांची सर्वश्रेष्ठ ऐतिहासिक कादंबरी मानतात. तालिकोटची 1565 ची लढाई, विजयनगरचा ऱ्हास, रामराजा, मेहेरजान, रणमस्तखान... मी हे पुस्तक आदराने उघडतो आणि तितक्याच आदराने मिटतो. रामराजा पस्तावण्यात इतका वेळ घालवतो की विजयनगर पडलं त्यात नवल काय, असं वाटू लागतं.

आता खरी गोष्ट सांगतो. मावळातल्या या माणसाला हरिभाऊंची भावते ती पुण्याच्या वाड्यातली, सोवळ्याओवळ्यातली, आमच्या घरांशी सुतराम संबंध नसलेली ‘पण लक्षात कोण घेतो’. 1890 ते 1893 या काळात छापली गेलेली, यमूची गोष्ट. तिचा नवरा रघुनाथराव जातो आणि घरचे तिला पुण्यात आणून तिचं केशवपन करतात, तिथे मी दर वेळी थांबतो आणि उगाच बाहेर जाऊन गाईला वैरण टाकून येतो.

या कादंबरीतला सर्वांत तिरस्करणीय माणूस कोण, असं विचारलं की कोणीही शंकरमामंजींचं नाव घेईल. तोंडात धर्म आणि पोटात भलतंच. पण शंकरमामंजी मला नावडते म्हणता येत नाहीत. ते पानावर आले की मी सरसावून बसतो. कादंबरीतल्या खलपुरुषाला एवढं जमलं की त्याचं काम झालं.

माझं नावडतं पात्र मला आमच्या आत्याने दाखवलं. आत्या शाळेत दुसरीच्या पुढे गेली नाही, पण वाचून दाखवलेलं सगळं तिच्या ध्यानात राहतं. लावणीनंतरच्या पावसात, वीज गेली की ती सुपात इंद्रायणी निवडत बसायची आणि मी कंदिलाशी वाचायचो. रघुनाथराव किती भला, बायकोला शिकवतो, तिला माणसासारखं वागवतो, असं मी वरून भाष्यही करायचो. रघुनाथराव वारला त्या संध्याकाळी आत्याने सूप खाली ठेवलं.

“भला व्हता म्हनतोस?”

“होता की.”

“मंग तिच्या नावावर काय करून गेला? घरची मानसं कशी हायती ते ठावं नव्हतं का त्याला? पुस्तकं वाचाया शिकवलं, आन् सातबाऱ्यावर नाव न्हाय लावलं.”

त्या काळी असं नव्हतं, एकत्र कुटुंबातल्या विधवेला फार तर पोटगी मिळायची, नवऱ्याच्या वाट्यावर तहहयात हक्क मिळायला 1937 चा कायदा यावा लागला, असं मी तिला सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं. “कायदा नव्हता तर जीव तरी जपायचा व्हता,” म्हणाली आणि पुन्हा खडे वेचू लागली.

त्या दिवसापासून रघुनाथराव माझ्या मनातून उतरला तो उतरलाच. त्याचा सज्जनपणा सगळा यमूच्या आजच्या दिवसापुरता, उद्याचं त्याच्या हिशोबातच नाही. हरिभाऊंनी त्याला दोष द्यायचं मनात आणलं होतं की नाही, देव जाणे. पण शंकरमामंजींइतकंच यमूला उघड्यावर टाकलं ते या भल्या नवऱ्याने, हे एकदा दिसलं की पुस्तक वेगळंच वाचलं जातं.

मग ‘मी’मधल्या भावानंदाचीही खैर राहिली नाही. देशसेवेसाठी संसार नको म्हणणारा हा तरुण. गोखल्यांनी 1905 साली भारत सेवक समाज काढला, त्याच्या दहा वर्षं आधी हरिभाऊंनी तसला माणूस कादंबरीत उभा केला, याचं कौतुक मी आत्याला ऐकवलं. तिला पडलं होतं सुंदरीचं. “त्या पोरीला कुनी इचारलं?” हरिभाऊंनी विचारलंय, थोडं विचारलंय, असं मी म्हणालो. थोडं या शब्दावर आत्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

हरिभाऊंच्या बऱ्याच सामाजिक कादंबऱ्या अर्ध्याच राहिल्या आहेत; ‘गणपतराव’, ‘आजच’, ‘कर्मयोग’. याबद्दल मात्र माझं गाऱ्हाणं नाही. आनंदाश्रमाची व्यवस्था, साप्ताहिक, पुण्याच्या नगरपालिकेचं काम, एवढं अंगावर घेऊन पंचावन्नाच्या आत 1919 मध्ये गेलेल्या माणसाकडून आणखी किती मागायचं? शिवाय अर्ध्या राहिलेल्या कादंबरीतल्या सज्जनांना नकोसं व्हायला पुरता वेळच मिळत नाही.

परवा कॉलेजात जाणारा पुतण्या आला. हरिभाऊंचं काहीतरी वाचायला द्या म्हणाला, परीक्षेला आहे. यमू मी कपाटात मागे सरकवली आणि ‘वज्राघात’ काढून दिला. परत आणून द्यायची घाई करू नकोस, असंही बजावलं.