नियम शिकावेत तर जर्मनीतच

आंतरराष्ट्रीय संस्थांचं अर्थशास्त्र शिकायला मराठी मुलं हल्ली जर्मनी गाठतात, ही त्यांची निवड अगदी अचूक. पहिला धडा तर विमानात बसण्याआधीच मिळतो. विद्यार्थी व्हिसासाठी वर्षभराचा खर्च, म्हणजे ११,९०४ युरो, बहुतेकांना आगाऊ खात्यात कोंडून ठेवावा लागतो आणि मग दरमहा ९९२ युरो हातात पडतात. पोरगं उधळं आहे की नाही, याची शहानिशा होत नाही. उधळं असणारच, असं धरून चालतात.

पुढचा धडा इतिहासाचा. २७ फेब्रुवारी १९५३ रोजी लंडनमध्ये पश्चिम जर्मनीचं परदेशी कर्ज जवळपास निम्मं माफ झालं. उरलेलं निर्यातीच्या कमाईतून झेपेल तसं फेडायचं ठरलं. जर्मनीची बाजू हेर्मान आब्स या मुरलेल्या बँकरने लढवली. कर्जावर पाणी सोडणाऱ्या धनकोंमध्ये नुकताच यादवीतून सावरलेला ग्रीसही होता.

२०१० साली ग्रीसवर वेळ आली. मार्चमध्ये जर्मनीच्या सत्ताधारी आघाडीतल्या नेत्यांनी 'बिल्ड' या दैनिकातून सल्ला दिला, बेटं विका! मे महिन्यात ११० अब्ज युरो कर्जाऊ मिळाले, पण पगार आणि पेन्शन कापायच्या अटीवर. वह्या तपासायला युरोपीय आयोग, फ्रँकफुर्टची मध्यवर्ती बँक आणि नाणेनिधी असे तीन हेडमास्तर अथेन्समध्ये हजर. गंमत म्हणजे त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला जर्मनीने पहिल्या महायुद्धाच्या नुकसानभरपाईपोटी काढलेल्या रोख्यांचा शेवटचा हप्ता चुकता केला. युद्ध संपलं होतं १९१८ साली. ग्रीसला दर तिमाहीला हिशेब द्यावा लागत होता.

मग येतो सोवळ्याचा धडा. तूट जीडीपीच्या ३ टक्क्यांपुढे गेली तर दंड, हा कडक नियम युरोपच्या गळी उतरवला जर्मन अर्थमंत्री थिओ वायगेल यांनी. करार झाला १९९७ साली. २००२ ते २००५ अशी सलग चार वर्षं जर्मनीनेच ती रेघ ओलांडली. नोव्हेंबर २००३ मध्ये युरोपच्या अर्थमंत्र्यांनी जर्मनी आणि फ्रान्सवरची कारवाई स्थगित केली. हा निर्णय पुढच्या वर्षी युरोपीय न्यायालयाने रद्द केला, तेव्हा २००५ मध्ये नियमच सैल करून घेतले. मास्तर नापास झाले म्हणून पेपर सोपा! स्पेन आणि पोर्तुगाललाही २०१६ साली दंड ठरला, तो शून्य युरो.

परीक्षेला हमखास येणारा प्रश्न मात्र ताजा आहे. सरकारी कर्जाला लगाम घालणारं कलम जर्मनीने २००९ साली थेट राज्यघटनेत बसवलं. फ्रीडरिश मेर्त्स यांच्या पक्षाने २०२५ ची निवडणूक हा लगाम कायम ठेवण्याचं वचन देऊन लढवली आणि २३ फेब्रुवारीला जिंकली. १८ मार्चला ५०० अब्ज युरोंच्या नव्या कर्जासाठी घटनादुरुस्ती मंजूर झाली, ५१३ विरुद्ध २०७ मतांनी. नव्या सभागृहात दोन तृतीयांश मतं जमणं अवघड होतं, म्हणून ती जुन्याच सभागृहात उरकली. नवं सभागृह आठवड्याने भरलं.