वाटणी

पुण्याच्या जुन्या बाजारात माणूस जे घ्यायला जातो, ते सोडून बाकी सगळं घेऊन येतो. मी कपाटाच्या कुलपाला किल्ली शोधायला गेलो आणि वस्तरा घेऊन आलो. पातं गंजलेलं, मुठीला तडा. पण गंजाखाली ‘सोलिंगेन’ अशी अक्षरं होती. पात्यांच्या दुनियेत जर्मनीतल्या या गावाचा मान आपल्याकडच्या येवल्याचा पैठणीत आहे तसा.

‘‘तुम्हाला काकडी धड सोलता येत नाही,’’ बायको एवढंच म्हणाली.

सलूनवाल्या काकांनी पातं दगडावर घासून दिलं. ‘‘धार माझी, हिंमत तुमची,’’ म्हणाले. मग चामड्याचा पट्टा कसा वापरायचा ते दाखवलं: पात्याची पाठ पुढे, धार मागे, टोकाशी पोचलं की पातं पाठीवरच उलटायचं. मी ते धारेवर उलटलं. शिकाऊ माणसाचा पहिला बळी गाल नसतो, पट्टा असतो.

नियम तसे थोडेच. गरम पाण्यानं दाढी मऊ करायची, फेस भरपूर, दुसऱ्या हातानं कातडी ताणायची. पातं तीसेक अंशांत कलतं ठेवून केसांच्या दिशेनं न्यायचं, जोर अजिबात नाही. आडवं सरकलं की संपलं. उजवा गाल झकास झाला. डाव्या गालाशी मात्र स्वतःचाच हात आरशासमोर आडवा आला. गळ्यावरचे केस तर पेठेतल्या दुचाक्यांसारखे. एकदिशा मार्ग असला तरी चारी दिशांनी येणारे. हनुवटीच्या वळणावर अपघात झाला. तुरटी लावली आणि ‘बिनपाण्यानं हजामत’ सोसणाऱ्या तमाम जनतेविषयी मला मनापासून सहानुभूती वाटली.

१९०३ साली गिलेटचा सेफ्टी रेझर विक्रीला आला, तेव्हा पहिल्या वर्षी अवघे ५१ खपले. ते ५१ जण डाव्या गालाशी अडलेले असणार, याबद्दल आता माझी खात्री आहे.

तुरटी चुरचुरत असताना एक गोष्ट लक्षात आली. गेली वीस वर्षं मी दर रविवारी काकांच्या खुर्चीत मान मागे टाकून गळा उघडा करतो. त्यांचं आडनावही मला ठाऊक नाही. ते निवडणुकीवर तावातावानं बोलतात आणि त्याच वेळी माझ्या गळ्याच्या घाटीवरून पातं फिरत असतं. कधीकधी तर माझा डोळा लागतो! आणि हा माझा स्वतःचा हात, जन्मापासूनचा सोबती, त्यानं वस्तरा उचलला तर मला घाम फुटला. कारण सोपं आहे: काकांचा हात मी फक्त रविवारी पाहतो. माझा हात मी रोज पाहतो. साहेबांबद्दलचा निरोप साहेबांनाच पाठवताना पाहिलाय, दूध उतू जाताना गॅसऐवजी पंखा बंद करताना पाहिलाय.

पुढच्या रविवारी हनुवटीवर पट्टी लावून खुर्चीत बसलो. काकांनी पट्टीकडे पाहिलं, पट्ट्यावरच्या चिरेबद्दल विचारलं नाही. ब्लेड मधोमध कडकन मोडून अर्धं वस्तऱ्यात बसवलं.

‘‘साहेब, गाल तुम्ही सांभाळा. हनुवटी आणि गळा माझ्याकडे राहू द्या.’’

इतकी बिनतक्रार वाटणी आमच्या घराण्यात आजवर कुणी केली नव्हती. मी मान मागे टाकली. काका निवडणुकीवर आले, तोवर माझे डोळे मिटले होते.