मुंबईच्या वेळेचा सूर्यास्त

बीडच्या माणसाला मुंबईची वाट बघायची सवय असते. निधी मुंबईहून येतो, बदलीचे आदेश मुंबईहून येतात; पाऊससुद्धा आधी तिकडे धो धो कोसळून घेतो आणि उरलासुरला तर आमच्याकडे फिरकतो. तेव्हा सूर्यही मुंबईला विचारूनच मावळत असणार, असं मी धरून चाललो, यात नवल ते काय?

बेत होता खंडोबाच्या टेकडीवरून सूर्यास्त टिपायचा. टेकडी शहराच्या पूर्वेला, त्यामुळे मावळता सूर्य समोर थेट गावावर उतरतो. वर हेमाडपंती देऊळ आणि पुढ्यात दोन अष्टकोनी दीपमाळा, प्रत्येकी सुमारे 70 फूट उंच. एका दीपमाळेच्या खांद्याला लाल गोळा टेकवायचा, की झालं! फ्रेम कुठे लावायची, ती भिंतही घरात ठरली होती. त्या भिंतीवर तूर्त कॅलेंडर होतं आणि त्यात मार्गशीर्षातल्या त्या दिवसाचा सूर्यास्त छापला होता : 6 वाजून 1 मिनिट.

पावणेसहाला मी टेकडीवर ट्रायपॉडशी झटत होतो. त्याचे दोन पाय उघडले की तिसरा मिटायचा. सूर्य बराच खाली आला होता, चांगला केशरी झाला होता. शेजारी कॉलेजातली पोरं मोबाईलवर धडाधड फोटो काढत होती. मला त्यांची कीव आली.

"एवढी घाई कशाला? अजून वेळ आहे. खरा रंग शेवटच्या दोन मिनिटांत येतो," मी म्हणालो. पोरांनी माझ्या कॅमेऱ्याकडे बघून आदराने मान डोलावली आणि फोटो काढणं चालूच ठेवलं.

मी लेन्स पुसली. कोन बदलला. पुन्हा पुसली. वर बघतो तो सूर्य गायब! क्षितिजावर धुरकट पट्टा होता. गेला असेल त्याच्याआड, येईल बाहेर, म्हणून मी डोळा लावून बसलो. पोरं निघून गेली. गावात दिवे लागले. नारळवाले आजोबा आवराआवर करता करता जवळ आले.

"काय बघायलात साहेब?"

"सूर्य मावळायची वाट बघतोय."

आजोबांनी एकदा पश्चिमेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "तो मघाशीच गेला की वो. आता उद्याच्यालाच."

घरी येऊन कॅलेंडर नाकाशी धरलं. कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, की वेळा मुंबईच्या आहेत. बीड आणि मुंबई जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, पण बीड पूर्वेला तीन अंशांना थोडं कमी. पृथ्वीला एक अंश फिरायला 4 मिनिटं लागतात. म्हणजे आमचा सूर्य मुंबईच्या सुमारे 12 मिनिटं आधी मावळतो. एवढा भूगोल मी शाळेत पाठ केला होता, तोही पैकीच्या पैकी गुण घेऊन. कॅमेऱ्यात निघाला तो ट्रायपॉडच्या तिसऱ्या पायाचा एक सुस्पष्ट फोटो. पोरांचे सूर्यास्त मात्र रात्रीपर्यंत गावभर फिरले, माझ्याही मोबाईलवर येऊन गेले.

तेव्हा टेकडीवर जाणार असाल, तर कॅलेंडरातल्या वेळेतून 12 मिनिटं वजा करा आणि धुरकट पट्ट्यासाठी आणखी थोडी. मुंबईच्या आधी बीडला मिळतात अशा गोष्टी फार नाहीत. अंधार मिळतो, तेवढा तरी वेळेवर पदरात पाडून घ्या.