तिकडचे अण्णा

काही माणसं जिथं जातात तिथं पोचतच नाहीत. आमचे अण्णा त्यांतले.

महाबळेश्वरला विल्सन पॉइंटवर पहाटेच्या थंडीत सगळं कुटुंब कुडकुडत उभं असतं. सूर्य उगवतो आणि कानटोपीतून आवाज येतो, "सूर्य बघावा तर समुद्रात बुडताना." स्ट्रॉबेरी क्रीम पुढ्यात आलं की त्यांना सोलकढी आठवते. वेण्णा लेकवर होडीत बसून ते नावाड्याला भरती-ओहोटी समजावून सांगतात. तो बिचारा ऐकून घेतो. त्याचे पैसे वेळेवर असतात.

मग काकू पुढच्या सुट्टीत हरिहरेश्वर ठरवतात. गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, पायाखाली ओली वाळू, समोर अख्खा अरबी समुद्र. अण्णा रुमालानं मान पुसत म्हणतात, "महाबळेश्वरला आत्ता स्वेटर लागला असता." साडेचार हजार फुटांचा फरक ते घामाच्या थेंबागणिक मोजतात. पानात उकडीचा मोदक पडतो, त्यावर तूप पडतं, आणि अण्णांना तुतीची आठवण येते. देवळामागची खडकावरची प्रदक्षिणा ओहोटीलाच करता येते, त्यामुळं सगळ्यांची घाई. अण्णा मात्र मध्येच थांबून लाटांनी कोरलेल्या कातळाकडं टक लावून बघतात. चला, रमले एकदाचे, असं आपल्याला वाटतं. "एलिफंट हेड पॉइंट आठवला," ते म्हणतात.

यावरून त्यांना कुणी कुरकुऱ्या समजू नये. कुरकुऱ्या माणूस चादरीवर बोलतो, बिलावर बोलतो. अण्णा बिल मुकाट्यानं देतात, वर टीप ठेवतात. जुन्या लोकांना बायकोचं कौतुक तिच्यासमोर करायला जड जायचं, तसं अण्णांचं गावांच्या बाबतीत होतं. पाठ फिरली की मात्र भरभरून बोलतात. काकूंना हे पक्कं ठाऊक आहे. त्या माहेरी गेल्या की शेजाऱ्यांना त्यांच्या आमटीची वर्णनं ऐकावी लागतात.

अण्णांची खरी भक्ती सावित्री नदीवर. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री यांना ते उभ्या उभ्या हात जोडतात आणि सावित्रीपाशी रेंगाळतात. ती आर्थर सीटखालच्या दरीतून उतरते, पोलादपूर-महाडवरून बाणकोटच्या खाडीत शिरते आणि हरिहरेश्वरजवळ समुद्राला मिळते. "शहाणी बाई! थांबली नाही इथं," हे महाबळेश्वरला. हरिहरेश्वरला खाडीच्या तोंडाकडं बोट दाखवून, "काय अवदसा आठवली हिला, एवढी थंड हवा सोडून आली!"

यंदा काकूंनी शक्कल लढवली. एकाच सहलीत दोन्ही: महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरायचा आणि थेट हरिहरेश्वर गाठायचं. प्रतापगड मागं पडेपर्यंत अण्णा सुरमईबद्दल बोलत होते. पोलादपूर आलं आणि त्यांचा आवाज बंद झाला. डोंगर मागं, समुद्र पुढं; 'तिकडं' म्हणायचं ते कुठल्या बाजूला? गाडीतल्या पोरांनी एकमेकांना कोपरखळ्या मारल्या. टपरीवर चहा आला. अण्णांनी दोन घोट घेतले, इकडंतिकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"चहा प्यावा तर आपल्या ठाण्याला!"

"घ्या," काकू म्हणाल्या, "आता महिनाभर ठाण्यात पोलादपूरच्या चहाचं पुराण."