एजहिलच्या लढाईत गिरगाव

एजहिलच्या लढाईत मी पहिल्या चार्ल्स राजाच्या बाजूनं लढलो. कारण राजनिष्ठा नव्हे, गिरगाव.

ही इंग्लंडच्या यादवी युद्धातली पहिली मोठी लढाई, 23 ऑक्टोबर 1642 ची. रणांगण म्हणजे नॉटिंगहॅममधल्या आमच्या शेजाऱ्यांच्या गॅरेजातलं, हिरवं कापड अंथरलेलं टेबल. गृहस्थ पोस्टातून निवृत्त झालेले, बोलणं मऊ, वागणं सोज्वळ. पण गॅरेजात त्यांनी दोन अख्खी सैन्यं पाळली आहेत. एकेक शिपाई 28 मिलिमीटर उंच, आणि बंदुकीच्या पेटत्या वातीलासुद्धा लाल टिंब. नॉटिंगहॅमात याचं कुणाला नवल नाही. 22 ऑगस्ट 1642 ला राजानं युद्धाचा झेंडा उभारला तो याच गावात (तो लगेच वाऱ्यानं पडला, ते सोडा). आज असले चिमुकले शिपाई बनवणारे इतके उद्योग या परिसरात आहेत की शौकीन मंडळी त्याला 'शिशाचा पट्टा' म्हणतात.

या क्षेत्रातला माझा पूर्वानुभव दिवाळीच्या किल्ल्याचा. चाळीतल्या आमच्या किल्ल्यावर वाघ बुरुजापेक्षा मोठा असे आणि आरशाच्या तळ्यात प्लास्टिकचं बदक. सिंहासनावर महाराज, खाली मावळे, आणि भाऊबीजेपर्यंत कुणी कुणावर हात उचलत नसे. हे मी मोठ्या अभिमानानं सांगितलं. शेजाऱ्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "स्केल काय होतं?"

सुरुवातीला मी पार्लमेंटची बाजू मागितली होती. मतदान करणाऱ्या देशातून आलेल्या माणसाला तेच शोभतं. पण समोरच्या टेकडीच्या पायथ्याशी, झुडपाच्या आडोशाला, दोन लहान मुलं उभी होती आणि त्यांच्याजवळ एक माणूस पुस्तक वाचत बसलेला. म्हटलं, हे कोण? तर मुलं म्हणजे राजपुत्र, थोरला 12 वर्षांचा आणि धाकटा 9. वाचणारा तो विल्यम हार्वे, शरीरात रक्त फिरतं कसं हे शोधून काढणारा डॉक्टर. मुलं सांभाळायचं काम त्याच्याकडे होतं. तोफेचा गोळा शेजारी येऊन पडेपर्यंत तो वाचतच होता, असं जॉन ऑब्रीनं लिहून ठेवलंय. ते पुस्तक शेजाऱ्यांनी स्वतः पुट्टीतून घडवलं होतं.

"आणि थोरल्याचं नाव?"

"चार्ल्स. पुढे दुसरा चार्ल्स झाला तो."

माझ्या पोटात गोळा आला. हाच तो! 1661 च्या करारानं पोर्तुगालच्या कॅथरीनशी ज्याचं लग्न ठरलं आणि हुंड्यात ज्याला मुंबई मिळाली! या लढाईत पोरगा शत्रूच्या हाती लागता लागता वाचला होता. आज लागला, तर कसलं लग्न आणि कसला हुंडा? आमची गिरगावातली चाळ, समोरचा एकेकाळचा ट्रामचा रस्ता, कोपऱ्यावरचं मिसळीचं दुकान, सगळंच पोर्तुगीज अमलाखाली अधांतरी. मी तिथल्या तिथे पक्ष बदलला.

पक्षांतराला या लढाईत उच्च परंपरा आहे. सर फेथफुल फॉर्टेस्क्यू (आईबापांनी ठेवलेलं नाव) हा पार्लमेंटच्या बाजूनं मैदानात उतरला आणि ऐन लढाईत घोडेस्वारांसकट राजाला जाऊन मिळाला. फक्त त्याच्या काही माणसांच्या अंगावर पार्लमेंटची नारिंगी उपरणी तशीच राहिली, आणि नव्या मित्रांनी त्यांना कापून काढलं. आपल्याकडे उपरणं आधी बदलतात, मग निष्ठा.

या खेळात हुकूम मोठ्यानं बोलून दाखवावा लागतो. मग दोन फासे टाकायचे. आठ किंवा कमी पडले तर सैन्य ऐकतं. दोन्ही सहा पडले तर भलतंच काहीतरी करून बसतं. माझा उजवा हात म्हणजे राजाचा भाचा प्रिन्स रुपर्ट, वय 22, पायाशी पांढरं पूडल. (हे कुत्रं 1644 ला मार्स्टन मूरच्या लढाईत मेलं, त्यामुळे 1642 च्या टेबलावर ते हक्कानं उभं असतं.) रुपर्टच्या स्वारांनी शत्रूची डावी फळी एका धडकेत उधळली. मी टाळी वाजवली. शेजाऱ्यांनी वही उघडली. त्यांच्या वहीत नियम आहे: जिंकलेला रुपर्ट थांबत नाही. खऱ्या लढाईतही तो पाठलाग करत थेट काइनटन गावापर्यंत गेला आणि त्याचे स्वार तिथलं सामानसुमान लुटत बसले. माझे स्वारही टेबलाच्या कडेवरून रंगांच्या बाटल्यांपर्यंत गेले आणि तिथेच रमले. "मागे फिरा!" मी ओरडलो. अकरा. "अहो, फिरा!" नऊ.

एवढ्यात मधून पार्लमेंटच्या बाल्फोरचे स्वार घुसले. हा इसम इतिहासात राजाच्या तोफांपर्यंत पोचला, तोफा कायमच्या निकामी करायला खिळे मागू लागला, आणि एवढ्या मोठ्या फौजेत कुणाकडे खिळा नव्हता, म्हणून नुसते दोर कापून परत गेला. शेजाऱ्यांनी स्टीलची टेप लावली. बाल्फोर आणि राजपुत्र यांच्यात सहा इंच. मी भालेवाले उचलून मध्ये ठेवायला गेलो. त्यांचे तारेचे भाले बोटात घुसले आणि आमच्या बाजूनं पहिलं खरं रक्त सांडलं. राजाचा झेंडा गेला. "तुमचा झेंडा पडला," शेजारी सहानुभूतीनं म्हणाले. मी म्हटलं, झेंडा ठेवा तुम्हाला, पोरगं द्या.

अखेर फासे पडले: दोन आणि एक. हार्वेसाहेब पुस्तक मिटून दोन्ही मुलांसह टेकडीमागे रवाना. दोन्ही बाजूंनी आपणच जिंकल्याचं जाहीर केलं. खऱ्या लढाईतही तसंच झालं होतं.

जेवायला बोलवायला बायको आली. ती ठाकूरद्वारची. मी तिला सांगितलं की तुझं माहेर आत्ताच थोडक्यात वाचलंय. शेजाऱ्यांना राहवेना. त्यांनी पुढचं ऐकवलं: याच चार्ल्सनं 1668 साली मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्यानं देऊन टाकली.

"दहा पौंड?" बायको म्हणाली. "आणि पागडी?"

मी त्यांना पागडी समजावून सांगितली. गृहस्थ क्षणभर विचारात पडले.

"कंपनीनं राजाला पन्नास हजार पौंड कर्ज दिलं होतं. सहा टक्क्यांनी."

"तरीच," बायको म्हणाली. "नुसत्या दहा पौंडांत गिरगावात कोण जागा देतंय!"